धाव आपली, आधार मुक्या जिवांना

पुण्याला धावण्याची सवय जुनी आहे. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, आणि आज पहाटे टेकड्यांवर, नदीकाठी धावणारे शेकडो पुणेकर दिसतात. या पावलांना भूतदयेची जोड देता येईल का?

रीत सोपी आहे. तुम्ही १० किलोमीटर धावायचं ठरवा. दहा परिचितांनी किलोमीटरमागे प्रत्येकी ५० रुपये द्यायचं कबूल केलं, तर ५,००० रुपये उभे राहतात. त्यातून जखमी कुत्र्या-मांजरांवर उपचार, रेबीजची लस, नसबंदी अशी कामं होतात. पुण्यात २००७ साली स्थापन झालेल्या रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्टसारख्या संस्था हे काम लोकांच्या देणग्यांच्या बळावर करतात.

काळजी मात्र घ्या. संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी पाहा. देणगी थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या आणि पावती घ्या. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळत नाही, हेही लक्षात ठेवा.

प्राणिमात्रांबद्दल दया बाळगणं हे आपल्या राज्यघटनेनं सांगितलेलं मूलभूत कर्तव्य आहे. येत्या रविवारी धावाल, तेव्हा एखाद्या मुक्या जिवासाठीही धावा.