मासे एका रात्रीत का मरतात?
(सोसायटीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्याकडे बऱ्याच घरांत आता माशांची काचेची टाकी आहे. रात्री छान फिरणारे मासे सकाळी उलटे तरंगताना दिसले की मुलं रडतात. मोठी माणसं म्हणतात नजर लागली, नाहीतर दुकानदाराला बोल लावतात. खरं कारण बहुतेक वेळा पाण्यातच असतं.

गच्चीवरची टाकी धुऊन ब्लीचिंग पावडर टाकली की नळाला क्लोरीन जास्त येतं. आपल्याला नुसता वास येतो, पण माशाचे कल्ले त्यानं भाजून निघतात. निऑन टेट्रा तर मूळचा ॲमेझॉन खोऱ्यातला, फारच नाजूक. म्हणून पाणी बादलीत २४ तास उघडं ठेवा, किंवा दुकानात मिळणारं सोडियम थायोसल्फेट बेतानं घाला. एका वेळी पाव टाकीच बदला.

फिल्टरचा स्पंज नळाखाली घासू नका. माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया त्यातले जिवाणू संपवतात. नव्या टाकीत ते तयार व्हायला ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर दोन-तीनच मासे ठेवा.

आंबेनळीकडे पाऊस धरला आणि वीज गेली की पंप बंद, मासे गुदमरतात. बॅटरीचा पंप जवळ असू द्या.

आपल्या महाड तालुक्यात वाळण कोंडीतले देवीचे मासे कोणी धरत नाही. त्यांना वाहती काळ नदी आहे. टाकीतल्या माशांना आपल्याशिवाय कोण?

कार्यकारिणीला एकच विनंती : टाकी धुण्याची सूचना आदल्या दिवशी फळ्यावर लावा.