दुष्काळ पावसाचा आणि उन्हाचाही
(समितीच्या वर्गणीदारांच्या सभेंत केलेलें भाषण)



दुष्काळ म्हणजे पाऊस न पडणें, अशी आपली जुनी समजूत आहे. सन १९७२ चा दुष्काळ ज्यांनीं पाहिला, त्यांना ती अगदीं खरी वाटेल. परंतु अलीकडे कित्येक ठिकाणीं पावसाची सरासरी भरते आणि शिवार मात्र वाळतें. कागदोपत्रीं खरा व प्रत्यक्षांत खोटा असा दावा आम्हां वकिलांस नवा नाहीं. हा पाऊसही तसाच आहे.

सोलापूर व बीडकडील रब्बी ज्वारी घ्या. ही मालदांडी भाद्रपद-आश्विनांत पेरतात. पुढें ती बहुतेक काळ्या जमिनींत मुरलेल्या ओलीवरच वाढते. ओल मुरण्यास पाऊस संथ व वेळेवर हवा. आतां तो पुष्कळदां आठवडेच्या आठवडे दडी मारतो आणि मग एका रात्रींत कोसळतो; पाणी मुरत नाहीं, वरची माती घेऊन ओढ्यास जातें. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालाप्रमाणें, दिवसांत १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याचे प्रसंग मध्य भारतांत १९५० ते २०१५ या काळांत सुमारें ७५ टक्क्यांनीं वाढले. आणि १९०१ ते २०१८ मध्यें देशाचें सरासरी तापमान सुमारें ०.७ अंश सेल्सिअसनें चढलें. आंकडा लहान दिसतो. पण ऊन वाढलें कीं उरलेली ओल लवकर उडते, पीक अकालीं पिकतें आणि दाणा बारीक राहतो. २०२२ च्या मार्चमधील उष्णतेनें उत्तरेकडील गव्हाचें, पाण्याची सोय असतांही, असेंच झालें.

माळावरील गवताचीही तीच गत. दाणा गेला तर माणूस उसनवार करील. कडबा व गवत दोन्ही गेलीं, म्हणजे बैल बाजारांत जातो, आणि मग पुढचा चांगला पाऊसही त्या कुटुंबाच्या उपयोगीं पडत नाहीं.

म्हणून आमची विनंति अन्नछत्रापुरती नाहीं. व्यापारी मंडळींनीं सुगींतच कडबा खरेदी करून गंजी समितीच्या हवालीं कराव्या; भाव चढण्याची वाट पाहूं नये. जमीनवाल्यांनीं शेजारच्या लहान शेतकऱ्याच्या बांधबंदिस्तीस हात द्यावा. इतरांनीं बियाण्यासाठीं फूल ना फुलाची पाकळी द्यावी. भुकेल्यास घांस देणें हें पुण्य खरेंच. परंतु त्याचा बैल दावणीस राखला, तर पुढील वर्षीं त्यास आपल्या दारीं यावें लागणार नाहीं. आपण एवढें कराल, असा आम्हांस भरंवसा आहे.