मुलांचे खेळ आणि वयाचा शिक्का
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात हदगाव मुक्कामी दिलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस 'विद्यार्थी आणि शिस्त' ह्या विषयावर बोलण्याची आज्ञा केली होती. शिस्तीवर सारी हयात वर्गात बोलून झाली असल्यामुळे त्याच विषयाचे एक नवे अंग आपणांपुढे ठेवण्याची परवानगी आम्ही मागून घेतली. मोबाईलवरील कोणता खेळ कोणत्या वयाच्या मुलाने खेळावा, हे ठरवावे कोणी, आणि पुढील काळात ते ठरविण्याची सत्ता कोणाच्या हाती जाणार, हा तो विषय होय. तो पोरकट आहे असे कोणास वाटत असेल, तर त्याने आपल्या घरातील फोन रात्री अकरानंतर कोणाच्या पांघरुणात असतो एवढे पाहावे.

हा प्रश्न आपल्या भागास अगदीच नवा नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तमाशाच्या कनातीपाशी उभा असलेला द्वारपाल मिसरूड न फुटलेल्या पोरास दंडास धरून बाहेर काढी. फिरत्या टॉकीजच्या तंबूत मात्र तोच पोरगा 'फक्त प्रौढांसाठी' असा चित्रपट तिकीट काढून खुशाल पाहून येई. वास्तविक १९५२ च्या कायद्याने चित्रपटाला प्रमाणपत्र होते आणि तमाशाच्या कनातीवर वयाची पाटी नव्हती. पण कनातीच्या दाराशी माणूस होता, आणि तो पोराच्या बापाला ओळखत होता.

सेन्सॉर हा शब्द उच्चारताच आपल्या मनात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र होतात. एक म्हणजे बंदी, जी सर्वांसाठी असते. दुसरी वयाची मर्यादा, जी केवळ मुलांसाठी असते. बंदीचा अनुभव महाराष्ट्राने पुष्कळ घेतला आहे. खाडिलकरांचे 'कीचकवध' इंग्रज सरकारने १९१० साली बंद केले, ते काही मुलांच्या काळजीने नव्हे. कीचकात त्यांना लॉर्ड कर्झन दिसला म्हणून. इकडे निजामी राजवटीत तर नुसती सभा भरवावयाची तरी परवानगी लागे; 'गश्ती निशाण ५३' हे नाव आमच्या वडिलांच्या पिढीस तोंडपाठ होते. पुढे स्वराज्यात, १९७२ साली, तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर' परिनिरीक्षण मंडळाच्या आक्षेपांमुळे अडले व उच्च न्यायालयात जाऊन सुटले. ते नाटक लहान मुलांनी पाहू नये असे म्हणणारा माणूस समंजस ठरतो. कोणीच पाहू नये असे म्हणणारा मात्र दुसऱ्याच्या डोळ्यांवर मालकी सांगू लागतो.

आता खेळांकडे वळू. पबजी नावाच्या खेळाविरुद्ध २०१९ साली मुंबईतील एका अकरा वर्षांच्या मुलाच्या वतीने उच्च न्यायालयात अर्ज झाला. त्याच वर्षी राजकोटच्या पोलिसांनी बंदीहुकूम काढून खेळणाऱ्या तरुणांसच पकडले. पुढे २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने तो खेळ बंद केला. परंतु कारण दिले ते देशाच्या सुरक्षिततेचे व माहितीच्या चोरीचे. मुलांच्या वयाचा त्यात प्रश्नच नव्हता. म्हणून २०२१ साली तोच खेळ दुसऱ्या नावाने परत आला, २०२२ मध्ये पुन्हा अडविला गेला आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. ह्या नव्या अवतारात अठरा वर्षांखालील मुलांस दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली आणि रक्त लाल न दाखविता हिरवे दाखविले. माणूस मरतो तो मरतोच. रंग तेवढा बदलला! फ्री फायर ह्या खेळाचीही तीच गत. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो बंद झाला, पण त्याचेच दुसरे रूप बाजारात होतेच. खेळातील बंदुकीने मुलाच्या मनावर नेमके काय होते ह्याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. झोप मोडते व अभ्यास बुडतो, हे पाहावयास विद्वान लागत नाही.

परदेशांनी ह्याचा विचार आपल्या आधी केला. अमेरिकेत खेळांतील क्रौर्यावरून कायदेमंडळात गदारोळ झाला, तेव्हा सरकारी सेन्सॉर टाळावा म्हणून खेळ काढणाऱ्या कंपन्यांनीच १९९४ साली वयोनिर्देश देणारे मंडळ स्थापिले. युरोपने २००३ पासून तीन, सात, बारा, सोळा व अठरा असे आकडे लावले. चीनने २०२१ साली फारच कडक पाऊल उचलले. तेथील मुलांनी शुक्रवार, शनिवार, रविवार व सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच एक तास खेळावे असा हुकूम निघाला. घरात बाप बसलेला असताना सरकारने घंटा वाजवावी, हे आम्हांस रुचत नाही.

आपल्याकडे चित्रपटांसाठी आता सात, तेरा व सोळा अशा वयांचे बारीक गट पडले आहेत. खेळाच्या दुकानात, म्हणजे फोनवरील प्ले स्टोअरमध्येही, प्रत्येक खेळाखाली एक आकडा असतो. तो आकडा कोण देतो? खेळ काढणारा स्वतःच एक प्रश्नावली भरतो आणि त्या उत्तरांवरून आकडा पडतो. परीक्षार्थीनेच आपली उत्तरपत्रिका भरावी आणि गुणही त्यावरूनच पडावेत, असा हा प्रकार. चूक आढळल्यास पुढे दुरुस्ती होते म्हणा. शिवाय तो आकडा खेळातील चित्रांपुरता बोलतो. खेळता खेळता कानाशी कोण अनोळखी माणूस बोलतो, नवा पोशाख वा बंदूक घेण्यासाठी किती रुपये जातात, हे त्यात पुरते उतरत नाही. आणि वय विचारले असता आमचा नातू जन्मसाल १९९० असे बेधडक टाकतो. त्याच्या आईचेही जन्मसाल त्यानंतरचे आहे!

भविष्याचा प्रश्न येथेच उभा राहतो. २०२३ च्या माहिती-संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती मागितली आहे. पैशाच्या डावाचे खेळ तर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदच केले, हे योग्यच झाले. म्हणजे ओळखपत्र दाखवून खेळावयाचे दिवस येत आहेत. त्यात एक धोका दिसतो. मूल काय खेळले, किती वाजता खेळले, ह्याची नोंद कंपनीच्या दप्तरी जन्मभर राहू शकते. आणि दुसरा धोका आपल्याच घरातला आहे. 'मुलांच्या फोनवर निर्बंध' म्हटले की आपल्या समाजात पहिला फोन मुलीचा काढून घेतला जातो. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या, तेव्हा शेळी विकून घेतलेला फोन अभ्यासासाठी बहिणीला आणि भावाला सामाईक होता. शाळा उघडल्यावर तो भावाच्या खिशात गेला, आणि तो त्यावर गोळ्या झाडीत बसला. बहिणीस मात्र फोन वाईट असतो असे सांगण्यात आले. अशी घरे ह्या सभागृहात एकाहून अधिक आहेत; नावे घेण्याचे कारण नाही.

आमचे मत विचाराल तर बंदी नको, शिक्का हवा. परंतु शिक्का नुसता आकड्याचा नको. त्याखाली मराठीत कारण हवे. 'ह्यात अनोळखी माणसे बोलतात', 'ह्यात पैसे मागतात', 'ह्यात माणसे मारावयाची आहेत', असे तीन शब्द स्पष्ट असले म्हणजे निरक्षर आजीसही नातवाकडून वाचवून घेता येतील. अर्थात नातवाने खरे वाचले तर! म्हणून हे काम आईने हाती घेणे बरे.

प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये पालक नियंत्रण म्हणून एक जागा आहे. तेथे चार अंकी पिन घालून वयाचा आकडा ठरविला की त्यापुढील खेळ त्या फोनवर उतरविता येत नाहीत. आधी उतरविलेले मात्र हातानेच काढावे लागतात. पैसे देतेवेळी दर वेळी पासवर्ड विचारावा, अशीही सोय तेथेच होते. भोजनोत्तर महिला-सत्रात कार्यालयाच्या मागच्या खोलीत दोन शिक्षिका हे प्रत्यक्ष करून दाखविणार आहेत. फोन चार्ज करून आणावेत, आणि पिन मुलाच्या जन्मतारखेचा ठेवू नये.