संकल्पातला भूगोल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाच्या कार्यक्रमात सतरंज्या अंथरणे आणि चहाच्या पातेल्यापाशी उभे राहणे, एवढेच माझे काम. बोलायला उभी राहण्याची ही पहिलीच वेळ. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे जे काही आले ते मुलीच्या पुस्तकांतून आणि हाती पडेल ते वाचून. तेव्हा काही उणेअधिक झाले तर पदरात घ्यावे.

आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरी सत्यनारायण होतो, वास्तुशांत होते. गुरुजी पळीने पाणी सोडायला सांगतात आणि संकल्प म्हणतात. आपण यजमानांच्या हाताला हात लावून बसलेल्या असतो. खरे सांगायचे तर लक्ष असते शिऱ्याकडे, खाली लागतो की काय म्हणून. पण त्या संकल्पात एक मोठा भूगोल आणि एक मोठा इतिहास दडलेला आहे, आणि त्यात शेवटी आपले गावही येते. त्याबद्दल मी आज बोलणार आहे.

माझे माहेर गोदावरीच्या पलीकडचे, गेवराईकडचे. तिथे गुरुजी संकल्पात गोदावरीचा 'दक्षिण तीर' म्हणत. लग्न होऊन देवगावात आले आणि पहिल्याच पूजेला कानावर पडले 'उत्तर तीर'. बाकी सारे तेच होते. जंबुद्वीप तेच, भरतखंड तेच, दंडकारण्यही तेच. मुलगी सासरी आली की नाव बदलते, कुंकू लावायची तऱ्हा बदलते. संकल्पातला एवढा एकच शब्द बदलला. नवी नवरी होते, डोळ्यांत पाणी आले. पण तो शब्द मात्र अगदी खरा होता. गोदामाई खरोखरच आता माझ्या दक्षिणेला होती.

मग बाकीचे शब्द? जंबुद्वीप कुठे, मेरू कुठे? हे मी कधी विचारले नाही. विचारले ते माझ्या मुलीने.

ती तेव्हा आठवीत होती. आमच्या सासूबाईंना गोष्टी सांगायची फार हौस. एकदा त्यांनी पितळी परात पुढे घेतली, मधोमध तांदळाची रास घातली आणि म्हणाल्या, "हा मेरू. भोवती जंबुद्वीप. त्याच्या भोवती खाऱ्या पाण्याचा समुद्र." मग बोटाने एकाबाहेर एक कडी काढत गेल्या. प्लक्षद्वीप आणि भोवती उसाच्या रसाचा समुद्र, शाल्मलीद्वीप आणि मद्याचा, कुशद्वीप आणि तुपाचा, क्रौंचद्वीप आणि दह्याचा, शाकद्वीप आणि दुधाचा, शेवटी पुष्करद्वीप आणि गोड्या पाण्याचा. विष्णुपुराणात हे सारे आहे. प्रत्येक द्वीप आतल्याच्या दुप्पट. मेरूची उंची चौऱ्याऐंशी हजार योजने. आणि खाली सात पाताळे. नारद तिथून परत आले आणि म्हणाले की, स्वर्गापेक्षाही ते स्थळ सुंदर आहे.

मुलीने शाळेचा नकाशा आणला. "आजी, दुधाचा समुद्र यात दाखव." मग कागद घेऊन हिशेब करू लागली. योजन चार कोसांचे धरले तरी मेरू चंद्राच्याही कितीतरी पलीकडे जातो. शेवटी म्हणाली, "आजी, तू सांगतेस ते सगळे खोटे आहे."

सासूबाई काही बोलल्या नाहीत. परात उचलली, तांदूळ डब्यात परत घातले. त्यानंतर आठवडाभर त्यांनी गोष्ट सांगितली नाही. संध्याकाळी दिवा लावायच्या आणि भिंतीकडे तोंड करून बसायच्या. मी मधल्या मध्ये. मुलीला रागवावे तर ती बरोबर, सासूबाईंना सांगावे तर कोणत्या तोंडाने सांगावे? माझे स्वतःचेच काही ठरलेले नव्हते.

ते ठरले एका विहिरीमुळे. पण त्यासाठी थोडे मागे जाते.

त्याच्या दोन वर्षे आधी आमच्या रानात विहीर घ्यायची ठरली. एक पाणी दाखवणारा आला. तळहातावर नारळ धरून रानभर फिरला, पूर्वेच्या कोपऱ्यात नारळ उभा राहिला. तो म्हणाला, "इथे पाताळगंगेची धार आहे. चाळीस फुटांवर फुटेल." घरात सगळ्यांना पटले. मलाही पटले, हे कबूल केले पाहिजे. पाताळाचे वर्णन लहानपणापासून ऐकलेले. तिथे गंगा असणारच. माझ्या पाटल्या मोडल्या. चाळीस फूट झाले, पन्नास झाले. खाली लागला काळा पाषाण, सुरुंगाशिवाय न फुटणारा. पाणी तळाला पायाची बोटे भिजतील एवढे. पाटल्या गेल्या आणि वर कर्ज राहिले.

त्याच कोरड्या विहिरीपाशी पुढे एक जाणते गृहस्थ आले. जमिनीच्या पोटातल्या पाण्याचा त्यांचा अभ्यास. त्यांनी विहिरीत डोकावून आम्हांला भिंत वाचायला शिकवली. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या खडक, मग एक तांबडा पट्टा आणि खाली सलग काळा पाषाण. ते म्हणाले, "हा एकेक थर म्हणजे एकेका वेळी वाहून आलेला तापलेला रस आहे. पुरणपोळ्यांची चवड असते ना, तशी ही चवड." पुरणपोळी म्हटल्यावर मला ताबडतोब समजले!

मैत्रिणींनो, ही आपल्या जमिनीची खरी पुराणकथा. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी या भागात जमिनीला भेगा पडल्या आणि आतून लाव्हा वाहू लागला. एक थर निवला, पुन्हा दुसरा. मध्ये उसंत मिळे तेव्हा वरचा खडक कुजून माती होई, आणि पुढच्या थराखाली ती भाजून निघे. तोच तो तांबडा पट्टा. असे करत करत जे पठार झाले ते आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहे. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूटांनी याच खडकात वरून खाली कोरले. आपली कपाशी ज्या काळ्या मातीत येते ती याच खडकाची झीज. लाव्हा वाहू लागण्याच्या आधी आपल्या विदर्भाकडे प्रचंड प्राणी हिंडत होते. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला त्यांची हाडे दगड होऊन सापडली आहेत. राक्षसांच्या गोष्टी आपण ऐकल्या. पण त्या प्राण्यांपुढे कोणताही राक्षस लहानच वाटेल.

आणि पाणी? ते पाताळातून येत नाही, वरून पडते आणि मुरते. मांजऱ्यात, मुरमात, खडकाच्या भेगांत साठते. सलग पाषाणात भेग नसली तर पाणीही नाही, मग नारळ उभा राहो की आडवा पडो. आम्ही पुढे ओढ्यावर बांध घातला आणि खालच्या अंगाला, मुरूम जाड होता तिथे, लहान विहीर घेतली. फार गाजावाजा करण्यासारखे पाणी नाही, पण पाऊस बरा झाला तर माघ महिन्यापर्यंत पुरते.

आता तुम्ही म्हणाल, मग सासूबाईंची परात खोटीच ना? मी पुष्कळ विचार केला आणि मला असे वाटते की, कल्पना करणे हा दोष नाही. जे दिसत नाही त्याची मनात जुळणी करून पाहणे, हे माणूस करणारच. ज्यांनी समुद्राची सफर केली नाही त्यांनी आपल्या घरातल्याच वस्तू घेतल्या, दूध, दही, तूप, ऊस, आणि त्यांचे समुद्र केले. त्यांच्या मनातली श्रीमंती म्हणजे तीच! ग्रीस देशात प्लेटोने समुद्रात बुडालेल्या अटलांटिस बेटाची कथा लिहिली. आपल्या चातुर्मासाच्या कहाणीतले आटपाट नगर तरी कोणत्या तालुक्यात आहे?

शास्त्रज्ञसुद्धा कल्पना करतात. मादागास्कर बेटावर लेमूर नावाचे माकडासारखे प्राणी आहेत आणि त्यांच्यासारख्या प्राण्यांचे अवशेष आपल्या देशाकडे सापडले. मध्ये तर एवढा समुद्र. तेव्हा 1864 साली स्क्लेटर नावाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने मांडले की, पूर्वी इथे एक मोठा भूखंड असावा आणि तो बुडाला असावा. त्याचे नाव ठेवले लेमुरिया. पुढे कळून आले की भूखंड बुडाला नव्हता, भूखंड सरकत होते. आपला देश एके काळी मादागास्करला चिकटलेला होता, सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी सुटला आणि उत्तरेकडे निघाला. विसाव्या शतकात पुरावा मिळाला तेव्हा शास्त्रज्ञांनी लेमुरिया सोडून दिला. त्यांच्यात आणि माझ्यात फरक एवढाच की, त्यांनी कल्पना तपासली, आणि मी न तपासता तिच्यावर पाटल्या मोडल्या.

इतिहासाचेही तसेच. संकल्पात कल्प येते, मन्वंतर येते, युग येते. कलियुग चार लाख बत्तीस हजार वर्षांचे आणि ब्रह्मदेवाचा दिवस चारशे बत्तीस कोटींचा. पृथ्वीचे वय आज सुमारे चारशे चोपन्न कोटी वर्षे मानतात. आकडे जवळ आले की "बघा, पूर्वीच्यांना सगळे ठाऊक होते" असे म्हणायचा मोह होतो. मलाही झाला. पण शास्त्रज्ञांनी युरेनियमचे शिसे किती झाले हे मोजून तो आकडा काढला. आपल्याकडचा आकडा मोजून काढलेला नव्हता. आकडे जुळले म्हणून दोन्ही वाटा एक होत नाहीत. मात्र एक कौतुक खरे, की काळ एवढा अफाट असू शकेल हे मनात आणायला आपले पूर्वज भ्याले नाहीत.

मग संकल्प पुढे सरकतो आणि शालिवाहन शक येतो. इथे पाय जमिनीला टेकतात. हा शक इसवी सन 78 पासून मोजतात आणि शालिवाहनाचे नाव आपल्या पैठणशी जोडलेले. सातवाहनांची ती राजधानी. आपल्याच कन्नड तालुक्यात पितळखोऱ्याची लेणी आहेत, दोन हजार वर्षांहून जुनी. तिथल्या लेखात पैठणच्या मितदेव नावाच्या गंध्याने दान दिल्याचे कोरले आहे. कण्हदास नावाच्या सोनाराने एक यक्षमूर्ती घडवली, तिच्यावर त्याचे नाव आहे. म्हणजे अत्तरवाले आणि सोनार! राजांची नावे पुराणात असतात, पण ही आपल्यासारख्या माणसांची नावे दगडाने सांभाळली.

त्याहून मागे जावे तर दायमाबाद. प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यात. 1974 साली तिथे झाडाचे मूळ खणताना काशाच्या चार वस्तू सापडल्या. बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस. चारींचे वजन मिळून साठ किलोंहून अधिक. पुणे जिल्ह्यात इनामगावला तीन हजार वर्षांपूर्वीची घरे निघाली. त्या घरांच्या जमिनीखाली लहान मुलांना पुरलेले आढळले, दोन मातीचे रांजण तोंडाला तोंड लावून, त्यांच्या पोटात. हे मी वाचले त्या दिवशी हातातले काम बाजूला ठेवले. पोर गेले तरी घराबाहेर जाऊ द्यायचे नाही, असे कोणा आईला वाटले असेल. तिचे युग कोणते, द्वीप कोणते, हे मला ठाऊक नाही. तिचे दुःख मात्र मला कळते.

हे सारे मी तुकड्यातुकड्याने घरी सांगितले. एका संध्याकाळी मुलगीच परात घेऊन सासूबाईंपाशी बसली. "आजी, तुझे द्वीप पुन्हा सांग. मी त्याला खोटे म्हणणार नाही, गोष्ट म्हणेन. मग मी तुला आपल्या विहिरीची भिंत सांगते." सासूबाई म्हणाल्या, "आधी हात धू." आणि तांदूळ काढले. आता आमच्याकडे दोन्ही भूगोल सुखाने नांदतात. कोणता कशासाठी, एवढे ठाऊक असले म्हणजे झाले. परातीतल्या मेरूने लेकरू झोपी जावे. विहिरीसाठी मात्र थर पाहावा.

ज्यांच्या घरी संकल्प होत नाही, त्यांच्याही रानात तोच काळा पाषाण आहे. म्हणून सर्वांनाच विनंती. तुमच्या घरी विहीर किंवा बोअर घ्यायचे ठरेल तेव्हा पैसा कुठून आणायचा याचा विचार बहुधा आपल्या अंगावरच्या दागिन्यापाशी येऊन थांबतो. तेव्हा दागिना उतरवण्यापूर्वी एक प्रश्न विचारा, "खाली थर कोणता आहे, ते पाहिले का?" एवढे विचारायला सातवीसुद्धा लागत नाही. आणि आपल्या मंडळाने पुढच्या वर्षी सहल काढली तर ती पितळखोऱ्याला काढावी, मुलींना बरोबर घेऊन.

परवाच शेजारी वास्तुशांत झाली. मी मुद्दाम शिरा दुसरीवर सोपवला आणि संकल्प ऐकत बसले. जंबुद्वीपापासून निघून गुरुजी गोदावरीच्या उत्तर तीरावर आले, तेव्हा मनात म्हटले, आले मी माझ्या घरी.