जळलेला भाग आणि जाळणारे कारण



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा वक्त्याजवळ स्वतःच्या गळ्याखेरीज दुसरे साधन नव्हते. ध्वनी वाढविणारी ट्रायोडची नळी ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली केली. आज आपण ज्याला लाउडस्पीकर म्हणतो त्याचा नमुना राइस आणि केलॉग यांनी १९२५ साली पुढे मांडला. आणि नळीची जागा घेणारा ट्रान्झिस्टर १९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत जन्मला. आज स्थिती अशी आहे की माइक बंद पडला तर वक्ता खाली बसतो. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांचे तर गेटसभेवाचून चालत नाही, आणि गेटसभेचे ॲम्प्लिफायरवाचून चालत नाही. म्हणून ही पेटी बिघडते कशी, आणि खरी दुरुस्ती कशाला म्हणावे, हा विषय आम्ही आज घेतला आहे. आम्ही इंजिनिअर नाही. कारागिरांच्या शेजारी बसून आणि मिळतील ती पुस्तके वाचून जे कळले, तेवढेच सांगणार आहोत.

प्रथम पेटीचे कार्य पाहू. माइकमधून येणारा विद्युत्तरंग अतिशय क्षीण असतो, व्होल्टच्या हजाराव्या भागाच्या हिशेबाचा. त्यालाच मोठे केले जाते अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः पाटाच्या दारावर ठेवलेल्या हातासारखे त्याचे काम असते. हात लहान, पण दार वरखाली झाले की धरणाचे पाणी धावते. या पेटीतले धरण म्हणजे वीजपुरवठ्याचा भाग: ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि मोठे कंडेन्सर. दारे म्हणजे ट्रान्झिस्टर. पहिल्या टप्प्यातले लहान, मधले ड्रायव्हर, आणि शेवटचे, ॲल्युमिनियमच्या पंखांवर बसविलेले, आउटपुटचे. बहुतेक वेळा जळतात ते हे शेवटचे, कारण सर्वांत अधिक प्रवाह आणि सर्वांत अधिक उष्णता त्यांच्याच वाट्याला येते.

आणि येथेच फसगत होते. पेटी उघडली, जळका वास आला, फ्यूज उडालेला दिसला, एक ट्रान्झिस्टर मेलेला सापडला. तो बदलला, नवा फ्यूज घातला आणि बटण दाबले की क्षणात नवाही मेला. मग फ्यूजच्या जागी जाड तार बसते, आणि पुढच्या खेपेला ट्रान्सफॉर्मरच जळतो. फ्यूज हा पहारेकरी आहे. त्याने आरोळी दिली म्हणून त्यालाच चोर ठरविणारी माणसे कारखान्यांत आम्ही पुष्कळ पाहिली आहेत, दुरुस्तीच्या दुकानांतही पाहिली आहेत.

चांगला कारागीर स्क्रू-ड्रायव्हर हाती घेण्यापूर्वी प्रश्न विचारतो. आवाज हळूहळू फाटत गेला की एकदम बंद पडला? सुरुवातीसच की तासाभराने? कर्णे किती होते, तार किती लांब होती? या प्रश्नांची किंमत समजण्यासाठी एक उदाहरण देतो. एका कारखान्याच्या दारात आमच्या सभा चालत. ओळीने तीन सभांत ॲम्प्लिफायर ऐन भाषणात बंद पडला. दुकानात नेला की आउटपुट ट्रान्झिस्टर मेलेले आढळत. ते बदलले की पेटी तासन् तास ठणठणीत चाले. मैदानात आणली की पुन्हा मृत. काही तरुण कार्यकर्त्यांनी निष्कर्ष काढला की हे मालकाच्या माणसांचे काम आहे. दारावर घोषणा द्यायचीही तयारी झाली. चौथ्या वेळी पेटी एका वयस्कर कारागिराकडे गेली. त्याने एवढेच विचारले, "बंद पडते ती नेमकी किती वाजता?" आठवून पाहिले तेव्हा ध्यानात आले की पाळीचा भोंगा झाल्यावर. भोंगा झाला की लोखंडी फाटक लागे. कर्ण्यांची तार फाटकाखालून गेली होती. तिचे वेष्टण चेपून फाटले होते आणि फाटक बसले की आतल्या दोन तारा एकमेकींना टेकत. कर्णे सोडवून नुसती तार मीटरने तपासली. दाब नसताना खुली, दाब दिला की शॉर्ट. पन्नास-साठ रुपयांची तार बदलली, वाट बदलली, आणि रोग गेला. मालकाशी आमचे भांडण होते ते होतेच. पण जे त्याने केले नव्हते ते त्याच्या माथी मारण्यातून आम्ही वाचलो, ते त्या एका प्रश्नामुळे.

प्रश्नांनंतर तपासणी. तिचा क्रम ठरलेला आहे आणि तो मोडू नये. प्लग काढावा, आणि काढल्यावरही आत हात घालण्याची घाई करू नये. मोठ्या कंडेन्सरांत भरलेली वीज मागे राहते, ती योग्य रेझिस्टन्समधून उतरवावी लागते. मग डोळे आणि नाक: काळवंडलेला रेझिस्टन्स, फुगलेला कंडेन्सर, तडकलेला डाग. पुढे मीटरने आउटपुट ट्रान्झिस्टर पाहावेत. सिलिकॉन ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटरमध्ये मीटर एका दिशेने साधारण अर्ध्या व्होल्टहून थोडे अधिक दाखवितो. कलेक्टर आणि एमिटर यांच्यात मात्र दोन्ही दिशांनी शून्याजवळ दाखवू लागला, तर तो गेला असे समजावे. तो गेला असेल तर त्याच्या जोडीदारावर, त्याला चालविणाऱ्या ड्रायव्हरवर आणि एमिटरमधल्या अंशमात्र ओहमच्या रेझिस्टन्सवरही विश्वास ठेवू नये.

नवे भाग बसविल्यावर पेटी थेट विजेला लावायची नाही. आपल्याकडचे कारागीर साठ किंवा शंभर वॉटचा साधा बल्ब मालिकेत जोडतात. त्याला सिरीज बोर्ड म्हणतात. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर कंडेन्सर भरले आणि मोठा शॉर्ट नाही. बल्ब प्रखर जळतच राहिला तर शॉर्ट अजून आत आहे. पण त्याचा भार बल्बने घेतला, नवा ट्रान्झिस्टर सहसा वाचतो. काही रुपयांचे हे साधन महाग भागांचे रक्षण करते.

यानंतरही कर्णा लगेच जोडू नये. ज्या पेटीत धन आणि ऋण असा दुहेरी पुरवठा असतो, तिच्या आउटपुटवर आवाज नसताना शून्याजवळ दाब हवा. तेथे सरळ ३५ व्होल्ट आले, तर ८ ओहमच्या स्पीकरच्या वेटोळ्यातून, ज्याचा सरळ प्रवाहाला रोध ६ ओहमच्या आसपास असतो, जवळजवळ ६ अँपिअर वाहतील. म्हणजे २०० वॉटची नुसती उष्णता. स्पीकर गाणार नाही, जळेल.

आता एक अवघड गोष्ट. १९२७ साली हॅरल्ड ब्लॅक यांनी ऋण प्रतिपोषणाची युक्ती शोधली: आउटपुटचा थोडा अंश उलट करून मागे नेणे, म्हणजे यंत्र आपली विकृती आपणच सुधारते. लाभ फार मोठा. पण त्यामुळे सारे टप्पे एका साखळीत बांधले गेले. पहिल्या टप्प्यातला चार आण्यांचा भाग बिघडला तरी दाब शेवटच्या टप्प्यात चुकतो. लक्षण टोकाला आणि कारण उगमाला. पंखावर बसविलेला, उष्णता ओळखून प्रवाह आवरणारा ट्रान्झिस्टर नुसता सैल झाला तरी आउटपुटचे ट्रान्झिस्टर तापत तापत स्वतःला जाळून घेतात. कलेक्टर धातूच्या अंगाला जोडलेला असल्याने खाली अभ्रकाची चकती लागते. ती फाटली तरी तेच. आणि बाजारात २एन३०५५ सारख्या प्रसिद्ध क्रमांकाचे बनावट ट्रान्झिस्टरही विकले जातात. बाहेर नाव मोठे, आत तुकडा लहान. तो जळतो आणि बोल कारागिराला लागतो.

घरघरीचेही असेच. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. पूर्ण रेक्टिफायरनंतर लहर १०० ची होते. म्हणून १०० ची घरघर बहुधा वाळलेल्या कंडेन्सरकडे बोट दाखविते, आणि ५० ची माइकच्या तारेकडे किंवा अर्थिंगकडे. कानाला सराव झाला की मीटरही लागत नाही.

अर्थिंगचा उल्लेख आला म्हणून सांगतो, कारण येथे प्रश्न जिवाचा आहे. माइकचे धातूचे अंग तारेच्या जाळीतून पेटीच्या पत्र्याला जोडलेले असते. आत कोठे विजेची तार पत्र्याला टेकली आणि प्लगची तिसरी पिन मोडून टाकलेली असली, तर ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या वक्त्याच्या हाती तीच वीज येते. घरघर थांबविण्यासाठी अर्थ तोडणारा कारागीर आवाज दुरुस्त करीत नाही, तो माणूस पणाला लावतो.

मग दुरुस्ती घाईची का होते? आमचे उत्तर कामगार चळवळीतल्या माणसाचे आहे. आपण भागाचे पैसे देतो, शोधाचे देत नाही. ट्रान्झिस्टर बदलायला दहा मिनिटे लागतात, तो का मेला हे शोधायला अर्धा दिवस जातो, आणि त्या अर्ध्या दिवसाची मजुरी मागितली की आपण म्हणतो, "एवढासा तर भाग!" जो शोध घेतो त्याचे पोट भरत नाही, जो भाग बदलून मोकळा होतो त्याचे भरते. मग विद्या टिकावी कशी? नव्या पेट्यांत एकाच चिपमध्ये सारे कोंबलेले असते आणि नकाशा बहुधा मिळत नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, हे योग्यच झाले. परंतु हक्क नुसता ग्राहकाचा नको, दुरुस्ती करणाऱ्या हातांचाही हवा.

आमची सूचना लहान आहे. दुरुस्तीच्या पावतीवर तीन ओळी असाव्यात: कोणता भाग बदलला, का गेला होता, आणि शोधाची मजुरी किती. दुसरी ओळ कारागिराने लिहावी, तिसरी आपण कुरकुर न करता द्यावी. गणेशोत्सव मंडळांनी, संघटनांनी, वाचनालयांनी एवढा नियम केला तर पेट्या टिकतील, आणि त्या दुरुस्त करणारी माणसेही टिकतील. पुढच्या खेपेस पेटी परत आणाल तेव्हा "काय जळले होते?" एवढ्यावर थांबू नका, "का जळले होते?" हे विचारा, आणि उत्तर ऐकायला दोन मिनिटे उभे राहा.