थेंब दिसतो कोठे, येतो कोठून?



विमान परदेशी कारखान्यातच तयार होते, असा आपला समज असतो. पण कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत, कांदिवलीच्या आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभारले. २०१६ साली ते प्रदर्शनात मांडले गेले आणि २०२० साली त्याच्या चाचण्या आपल्या खानदेशात, धुळ्याच्या धावपट्टीवर झाल्या. घरी विमान बांधणारे असे हौशी लोक जगभर आहेत. बर्ट रुटन या अमेरिकन अभियंत्याच्या ‘लाँग-ईझी’ विमानाचे आराखडे १९८० पासून मिळू लागले व अनेकांनी त्यावरून विमाने बांधली. त्यात पंखाच्या मुळाशी असलेला फायबरग्लासचा पोकळ भाग हीच पेट्रोलची टाकी. ती गळू लागली तर काय करावे, एवढाच आजचा विषय.

फायबरग्लास म्हणजे काचेच्या धाग्यांचे कापड आणि त्याला घट्ट धरणारे रेझिन. आतल्या थरात टाचणीच्या टोकाएवढे छिद्र राहिले, तर पेट्रोल तेथून शिरते आणि वातीतून तेल चढावे तसे धाग्यांतून सरकत दूर कोठेतरी बाहेर पडते. म्हणजे ओल एकीकडे, दोष दुसरीकडे. ओल्या जागी बाहेरून लावलेले ठिगळ टिकत नाही, कारण पेट्रोलने भिजलेल्या पृष्ठभागावर रेझिन धरत नाही.

टाकी रिकामी केली म्हणजे धोका संपला, असे मात्र समजू नका. आत उरलेली वाफ हवेत मिसळली की एका ठिणगीने भडका उडतो. म्हणून प्रथम मोकळ्या जागी, विस्तवापासून दूर, टाकीला भरपूर वारा द्यावा. मग तोंडे बंद करून अगदी हलक्या दाबाची हवा भरावी. दाब मोजणाऱ्या नळीत पाण्याच्या पातळीत फूटभर फरक पडला तरी पुरे. कॉम्प्रेसर थेट जोडल्यास टाकीच फाटेल. साबणाच्या पाण्याचे बुडबुडे गळतीचे बाहेरचे तोंड दाखवतात. आतले छिद्र शोधण्यासाठी टाकी उघडावी लागते. ते सापडले की भोवतालची जागा पॉलिश पेपरने घासावी, ॲसिटोनने पुसावी, पूर्ण वाळू द्यावी आणि पेट्रोलला टिकणाऱ्या इपॉक्सीत भिजवलेले काचकापड आतून बसवावे. ते पक्के झाल्यावर पुन्हा हवेची चाचणी, मग पेट्रोल भरून काही दिवस पाहणी, आणि त्यानंतरच उड्डाण.

काही जण टाकीत पातळ सीलर ओतून सोपा मार्ग काढतात. तो थर पापुद्रे होऊन सुटला, तर गाळणी तुंबते आणि इंजिन आकाशात बंद पडते. दुसरी सावधगिरी इंधनाची. आज आपल्या पंपांवरील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते काही जुन्या रेझिनांना मऊ करते. त्यामुळे कोणते रेझिन कोणते इंधन सोसते, हे टाकी बांधण्याआधीच पाहावे लागते.

पालकहो, आमच्या वर्गातही हेच घडते. मुलगा नववीच्या बीजगणितात अडतो आणि आपण तेथेच शिकवणीचे ठिगळ लावतो. छिद्र असते चौथीच्या भागाकारात. ते शोधायला मागे जावे लागते, वेळ लागतो. पण तेथे बुजवले तरच मूल पुढे जाते. यंदा आपल्या मुलाची वही पाहताना शेवटच्या पानावर थांबू नका, ही विनंती.