माकुळाच्या अंगातला उजेड



सूक्ष्मजीवशास्त्राच्या संमेलनात अध्यक्षाने रोग, लस आणि प्रतिजैविके यांवर बोलावे असा प्रघात आहे. मी आज अंगठ्याएवढ्या एका माकुळाबद्दल बोलणार आहे. जंतूंकडे बघण्याची आपली नजर त्याने जितकी बदलली, तितकी फार थोड्या प्राण्यांनी बदलली असेल.

हवाईयन बॉबटेल स्क्विड हे त्याचे नाव. हवाई बेटांच्या उथळ पाण्यात ते राहते. दिवसा वाळूत गाडून घेते, रात्री शिकारीला निघते. चांदण्यात पोहणाऱ्या प्राण्याची काळी आकृती खालून स्पष्ट दिसते आणि शत्रूला तेवढेच पुरते. हे माकूळ वरून येणाऱ्या उजेडाशी जुळणारा उजेड खाली टाकते, म्हणजे आकृतीच उरत नाही. उजेड असतो व्हिब्रिओ फिशेरी या जीवाणूचा. तो कमीजास्त करायला शाईची पिशवी, परावर्तक आणि भिंग ही यंत्रणा माकुळाची स्वतःची. (आपल्याकडे कोकणात रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटा दिसतात, त्या बहुधा नॉक्टिल्युका या एकपेशीय जीवाच्या. तो जीवाणू नव्हे.)

पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हा त्याच्या प्रकाश-अवयवात एकही जीवाणू नसतो. समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात सुमारे १० लाख जीवाणू असतात आणि त्यांत व्हिब्रिओ फिशेरी हजारात एकही नसतो. तरी काही तासांत तोच नेमका आत पोहोचतो. अवयवाच्या दोन्ही बाजूंना केसाळ भुजा असतात. त्या पाणी ओढतात, चिकट स्राव सोडतात. जीवाणू त्यात गोळा होतात आणि बारीक छिद्रांतून आत शिरतात. आत दाटी झाली, की त्यांनी सोडलेला रासायनिक संकेत पुरेसा साचतो आणि मगच ते उजळतात. ही संख्या ओळखण्याची रीत नील्सन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांनी १९७० साली याच गटातल्या जीवाणूंवर दाखवली.

वस्ती झाल्यावर चार-पाच दिवसांत त्या केसाळ भुजा झडून जातात. त्यांना झडण्याचा इशारा जीवाणूच देतो. मार्गारेट मॅकफॉल-नाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले, की या इशाऱ्यात जीवाणूच्या पेशीभित्तिकेचा एक तुकडा कामी येतो. हाच तुकडा डांग्या खोकल्यात मुलांच्या श्वासनलिकेतल्या केसाळ पेशी मारतो. रेणू तोच, एकीकडे लेकराचा जीव गुदमरवतो, दुसरीकडे अवयवाची घडण पुरी करतो. हा शोध मला या विषयातला सर्वांत मोठा वाटतो.

रोज पहाटे उजाडताच माकूळ आपल्या अवयवातले सुमारे ९० ते ९५ टक्के जीवाणू दाट लगद्यासारखे बाहेर टाकते. उरलेले दिवसभरात वाढून रात्रीपर्यंत पुन्हा भरतात. बदल्यात त्यांना अन्न आणि आसरा मिळतो. उजेड न देणारे उत्परिवर्तित जीवाणू आत शिरतात खरे, पण त्यांची संख्या घटत जाते. फुकट राहणाऱ्याला तिथे थारा नाही.

एवढे स्पष्ट उदाहरण हाताशी असताना आपण मुलांना जंतू म्हणजे रोग एवढेच शिकवत राहिलो, तर तो विषयावर अन्याय आहे. किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांना माझी विनंती आहे. बाजारातून ताजे माकूळ किंवा समुद्री मासा आणा, खाऱ्या पाण्यात अर्धवट बुडवून रात्रभर थंड जागी ठेवा आणि डोळे अंधाराला सरावल्यावर बघा. बऱ्याचदा त्यावर चमकणारे ठिपके दिसतात. लूपने ते उचलून समुद्राच्या पाण्यात बनवलेल्या अगारवर रेघा ओढा. येत्या सत्रात हा प्रयोग विद्यार्थ्यांच्या हातून करून घ्या आणि पुढच्या संमेलनात त्या पेट्री डिश इथे घेऊन या.